दोन सावंत आजी, सलाईनच्या स्टँडला बांधलेली पट्टी आणि एक वही

रात्रपाळी | २२:१०

नमस्कार मंडळी. इथे एरवी मी फक्त पाककृती वाचते. आज लिहायला बसलेय, कारण घरी हे बोलून उपयोग नाही आणि ड्यूटीवर बोलायची सोय नाही.

जीएनएम (नर्सिंगची पदविका) करून २१ वर्षं झाली. सध्या रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून फार लांब नाही अशा एका खाजगी रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर आहे. पन्नास खाटा. रुग्णालयाचं नाव सांगणार नाही. ज्यांना ओळखेल त्यांनी कृपया गप्प राहावं.

गोष्ट श्रावणातली. बाहेर पाऊस, आत ताप, जुलाब, लेप्टोचे (उंदरांमुळे पसरणारा ताप) संशयित आणि निसरड्या अंगणात पडून खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या. फीमेल वॉर्ड गच्च. ९ नंबरला एक सावंत आजी, ११ नंबरला दुसऱ्या सावंत आजी. दोघी पंचाहत्तरीच्या आसपास, दोघी बारीक चणीच्या, दोघींना ऐकू कमी. ११ नंबरच्या आजी केस पेपरवर सुमन. ९ नंबरच्या सुनंदा. पण लक्षात घ्या, सुनंदा हे त्यांचं सासरचं नाव. लग्नात बदललेलं. माहेरी त्यासुद्धा सुमन! सोबतीला बहीण होती आणि ती दिवसभर त्यांना "सुमे, सुमे" करत होती.

संध्याकाळी जेवणाआधी ११ नंबरला इन्सुलिन द्यायचं, १६ युनिट. साखर आधीच्या पाळीनं तपासून चिठ्ठीवर लिहून ठेवलेली. माझी ज्युनिअर सिस्टर ट्रॉली घेऊन गेली, ९ नंबरपाशी थांबली आणि विचारलं, "सुमन सावंत ना?" आजी म्हणाल्या, "होय गो बाय." बहीणही म्हणाली, "होय." दोघींपैकी कुणी खोटं बोललं नाही. हातात नावाची पट्टी नव्हती, कारण सलाईनचा हात सुजला म्हणून सकाळी कुणीतरी ती कापली आणि हरवू नये म्हणून सलाईनच्या स्टँडला बांधून ठेवली. ९ नंबरचा स्टँड दुपारी ११ नंबरला गेला होता.

स्पिरिटचा बोळा फिरवून झालेला. तेवढ्यात आमची वॉर्डातली मावशी कप उचलायला आली आणि हळूच म्हणाली, "सिस्टर, ह्यांना तर मी आत्ताच साखरेचा चहा दिला. डायबिटीसवाल्या त्या खिडकीकडच्या ना?"

सुई परत ट्रेमध्ये गेली. कुणाला काही झालं नाही.

रात्री मी मावशीला चहा पाजला आणि शाबासकी दिली. तर ती म्हणते, "बोलणारच नव्हते हो. मागं एकदा बोलले होते तर डॉक्टर म्हणाले, तू फरशी पूस." त्या रात्री घरी आले ते हेच डोक्यात घेऊन. १६ युनिट आणि एक साधी म्हातारी, यांच्यामध्ये पट्टी नव्हती, केस पेपर नव्हता, माझी २१ वर्षं तर नव्हतीच. एक बाई होती, जिला आम्हीच गप्प बसायला शिकवलं होतं, आणि त्या दिवशी ती विसरली.

पूर्वी मी जिथे होते तिथे अशा गोष्टीला मेमो मिळायचा. एका सिस्टरनं संध्याकाळच्या पाळीत जेंटामायसिन (अँटिबायोटिक) दुसऱ्यांदा दिलं, कारण आधीचा डोस कागदावर चढवलाच नव्हता. तिला मेमो, अर्ध्या दिवसाचा पगार कट आणि सगळ्यांसमोर बोलणी. त्यानंतर दोन वर्षं त्या वॉर्डात एकही चूक झाली नाही. म्हणजे कागदावर.

म्हणून या वेळी मी मेमोसाठी नाव दिलं नाही. दोनशे पानी वही आणली, वर "थोडक्यात वाचलं" असं लिहिलं आणि ड्रेसिंगच्या कपाटात ठेवली. तीन रकाने: काय होणार होतं, कशानं थांबलं, काय बदलायचं. कुणी केलं, हा रकाना नाही. कुणीही लिहावं, मावशी आणि वॉर्डबॉय मामांनीसुद्धा.

पहिले चार दिवस वही कोरी. मग पहिल्या पानावर मी माझंच लिहिलं. बारा वर्षांपूर्वी इन्सुलिनची बाटली संपली होती, म्हणून इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजनं ओढून दिलं. बाटली असते मिलीला ४० युनिटची, कार्ट्रिज १०० ची. माझी सिरिंज ४० वाली. दहा द्यायचे होते, गेले पंचवीस. तासाभरात पेशंट घामानं निथळला, २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज, देऊन वर काढला. सगळे म्हणाले, जेवला नसेल. मीही म्हणाले, जेवला नसेल. बारा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वहीत दोन नोंदी आल्या. आता अकरा आहेत.

अडचण अशी की डॉक्टरमंडळी वहीला "तुमची भिशीची वही" म्हणतात आणि दोन सिस्टर घाबरल्यात की उद्या हाच पुरावा होईल. वर १७ सप्टेंबरला जागतिक रुग्ण सुरक्षा दिन म्हणून व्यवस्थापनानं रांगोळी स्पर्धा ठेवलीय. २०१९ पासून हा दिवस जगभर पाळतात, चांगलंच आहे. पण मला रांगोळी नकोय, मला छापील पट्ट्या हव्यात.

तुमच्याकडे काय करतात? पेशंट म्हणून, नातेवाईक म्हणून, डॉक्टर म्हणून, काहीही सांगा.

फणसगरा | २२:३१

ताई, नावाचा ह्या आमच्याकडे सगळीकडेच. माझ्या आवशीचा माह्यारचा नाव येगळा, सासरचा येगळा, आधार कार्डार तिसराच. हॉस्पिटलात कोणी नाव ईचारल्यानी की ती आधी बापाशीक आठवता, मगे उत्तर देता. आणि "सावंत" म्हणान हाक मारलास तर अर्धो वॉर्ड उठान बसतलो.

मावशीक माझो नमस्कार सांगा.

खाडीपलीकडे | २२:४८

वाखुसा (वाचनखूण साठवली).

मूळची गुहागरची, मुंबईत एका मोठ्या रुग्णालयात आयसीयूला आहे. आम्हाला पहिल्या दिवशी घोकून घेतात की नाव आपण उच्चारायचंच नाही. "तुमचं पूर्ण नाव सांगा" आणि "जन्मतारीख किंवा वय सांगा", मग पट्टीवरचा नोंदणी क्रमांक केस पेपरशी जुळवायचा. दोन खुणा जुळल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि खाट क्रमांक ही खूण धरतच नाहीत, कारण खाट बदलते. "सुमन सावंत ना?" हा प्रश्नच धोक्याचा. आजारी माणूस, त्यातून म्हातारं, त्यातून पांढऱ्या कपड्यातल्या बाईनं विचारलेलं. होयच म्हणणार.

पट्टी स्टँडला, खाटेला, उशीखाली नाही. एका हातावरून कापली तर त्याच क्षणी दुसऱ्या हाताला किंवा पायाला नवीन.

रात्रपाळी | २३:०२

खाडीपलीकडे, बरोबर, आता तेच करतोय. शिवाय ॲडमिशनच्या वेळी म्हाताऱ्या बायकांना आम्ही "घरी काय हाक मारतात" हेही विचारतो आणि कंसात लिहितो. जन्मतारखेचं मात्र आमच्याकडे अवघड आहे हो. निम्म्या आजींची आधारवर १ जानेवारी किंवा १ जून. एकाच दिवशी जन्मलेल्या सहा बायका एका वॉर्डात! म्हणून नोंदणी क्रमांकावरच भर.

घाटवळण | २३:२५

मी चिपळूणच्या बाजूला सर्जन आहे. त्या "भिशीची वही" म्हणणाऱ्यांत मीही असतो, पाच वर्षांपूर्वी.

२००८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी काढली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट ओटीबाहेर (ऑपरेशन थिएटरबाहेर) जाण्याआधी, अशी तीनदा थांबून मोठ्यानं वाचायची. आठ शहरांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीही होती. २००९ मध्ये निकाल छापून आला: मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि मोठी गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर. एका कागदाच्या तुकड्यानं. मला हे आकडे पाठ होते आणि तरीही माझ्या ओटीत ती यादी संध्याकाळी पाचला सगळ्या केसेसची एकदम भरली जायची. टिक, टिक, टिक, सही.

मग एकदा ओटी सिस्टर पोट शिवायच्या आधी म्हणाली, "सर, एक मॉप (रक्त टिपायचं कापड) कमी भरतोय." मी म्हटलं नीट मोज. तिनं मोजला, कमीच. मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती म्हणाली, "सर, मी काऊंट पूर्ण सांगणार नाही." बारा मिनिटं शोधलं. मॉप पोटात नव्हता. बादलीत दुसऱ्या मॉपला चिकटून बसला होता.

आता यातून धडा असा निघायला हवा की पोटात सापडला आणि तिनं पेशंट वाचवला. तसं नाही झालं. बारा मिनिटं "वाया" गेली. घरी जाताना गाडीत मला कळलं की ती बारा मिनिटं मी हसून दिली नाहीत तर पुढच्या वेळी, खरोखर पोटात असताना, ती आकडा जुळवून टाकेल. दुसऱ्या दिवशी तिची माफी मागितली. सोपं नव्हतं.

आता आमच्याकडे यादी तीच वाचते, मी नाही. ती "हं" म्हणेपर्यंत ब्लेड माझ्या हातात येत नाही.

आंबोलीकर | ०७:१२

सगळं वाचलं. छान चाललंय. आता नातेवाइकाचं ऐका.

माझे वडील, वय ७१. हर्नियाचं ऑपरेशन, तिसरा दिवस. रात्री अडीचला लघवीला उठले, बाथरूमच्या दारात पडले, खुबा मोडला. हर्निया बरा करायला गेलेला माणूस चार महिने अंथरुणात. फाईलमध्ये काय लिहिलं होतं सांगू? "रुग्ण सूचना न पाळता स्वतः उठला." बस. एक ओळ.

तुमच्या वहीत "थोडक्यात वाचलं" ते येतं. जे वाचलं नाही ते कुठे लिहिता?

रात्रपाळी | १०:४०

आंबोलीकर दादा, रात्रीची ड्यूटी करून आले आणि तुमचा प्रतिसाद वाचून झोप लागली नाही.

ती ओळ मी स्वतः अनेकदा लिहिली आहे. आम्हाला तशीच शिकवतात, "स्वतःला कव्हर करून ठेव". तुमच्या वडिलांच्या बाबतीत काय झालं ते मला माहीत नाही, पण विचारते, राग मानू नका. बेल हाताशी होती का? वडील लघवीची गोळी किंवा इंजेक्शन घेत होते का, आणि किती वाजता? त्या रात्री वॉर्डात किती जणी होत्या?

आंबोलीकर | १३:०५

बेल खाटेच्या मागे भिंतीवर. झोपलेल्या माणसाचा हात पोचत नाही. वाजायची की नाही देव जाणे. लघवीची गोळी लॅसिक्स होती, हृदयाचा जुना त्रास आहे म्हणून. सकाळी आठ आणि रात्री आठ. वॉर्डात एक सिस्टर आणि एक शिकाऊ मुलगी. खाटा मी मोजल्या होत्या, ३४. मी खाली चटईवर झोपलो होतो. मला जाग आली नाही, हे मी कुणाला सांगत नाही.

रात्रपाळी | १३:३०

दादा, रात्री आठला लॅसिक्स दिली की दहा-अकरापर्यंत माणूस दोन-तीनदा उठणार आणि उरलेलं रात्रीच. दुसरा डोस दुपारी तीन-चारला घेतला तर रात्र बरीच शांत जाते. हे डॉक्टरांना विचारायचं काम नर्सचं. "सर, संध्याकाळची चारला करू का?" एवढंच. आम्ही विचारत नाही, कारण औषधाच्या तक्त्यावर सकाळी आठ - रात्री आठ असा शिक्का असतो आणि हात शिक्क्यामागे चालतो.

संख्येचं म्हणाल तर इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका, शिकवणी रुग्णालयात तीनामागे एक. ३४ ला एक म्हणजे ती मुलगी रात्रभर फक्त सलाईन बदलत पळत असणार. हे कारण म्हणून सांगतेय, सबब म्हणून नाही. बेल भिंतीवर असणं याचा संख्येशी काही संबंध नाही.

तुमच्या वडिलांचं जे झालं ते "थोडक्यात वाचलं" मध्ये बसत नाही, खरं आहे. वहीला मागच्या बाजूनं दुसरं शीर्षक देते आज.

चटईवर झोप लागलेल्या माणसाला कुणी काही म्हणू नये. तुम्ही पण नाही.

सुरंगी | १५:१८

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, सह्याद्रीच्या पायथ्याशी. आमच्याकडे पट्ट्याबिट्ट्या नाहीत, पण विंचू आणि साप आहेत, त्यामुळे थोडं आमचंही.

लाल विंचवावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रूढ केला हे कोकणात सगळ्यांना माहीत असतं. जे सगळ्यांना माहीत नसतं ते हे, की पहिल्या गोळीनंतर माणूस एकदम उभा राहिला तर रक्तदाब धाडकन खाली येऊन तो कोसळू शकतो. गोळी देणं दहा सेकंदांचं काम. खरं काम पुढचे काही तास त्याला आडवं ठेवणं, रक्तदाब बघत राहणं आणि "आता बरं वाटतंय, जरा बाहेर तंबाखू थुंकून येतो" म्हणणाऱ्या काकांना खाटेवर दाबून बसवणं. हे कुठल्या प्रिस्क्रिप्शनवर लिहिलेलं नसतं.

सापाचं: फुरसं किंवा घोणस चावली असेल तर रक्त गोठतंय का हे बघायला आम्ही वीस मिनिटांची चाचणी करतो. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत २ मिली ताजं रक्त, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग एकदा तिरकं करायचं. नाही गोठलं तर विषाचा परिणाम, प्रतिविष सुरू. सोपं वाटतं ना? एकदा एका पोराचं रक्त गोठेना. पायाला सूज नाही, दाताचे व्रण धड नाहीत, पोरगं खिदळतंय. डॉक्टर प्रतिविषाच्या कुप्या फोडायला निघालेले. माझ्या मनात आलं, नळी कुठली? तर नव्या मदतनीस बाईनं आदल्या दिवशी सगळ्या नळ्या साबणानं लखलखीत धुतल्या होत्या. साबणाचा अंश राहिला की चांगलं रक्तही गोठत नाही. प्लास्टिकच्या नळीतही भरवसा नाही. नवी काचेची नळी काढली, पुन्हा रक्त घेतलं, वीस मिनिटांत घट्ट गोळा. प्रतिविष द्यायचं नाही असं ठरलं आणि पोराला रात्रभर नजरेखाली ठेवलं. प्रतिविषाची रिॲक्शन जिवावर बेतू शकते, म्हणून ते विनाकारण नको.

त्या मदतनीस बाईला कुणी रागावलं नाही, कारण नळ्या धुवायच्या नाहीत हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आता नळ्यांच्या डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय.

अवांतर: हे वाचणाऱ्या कुणीही सर्पदंशाला घरी थांबू नका. आधी १०८.

काजूबोंड | १६:०२

मी फार्मासिस्ट, कुडाळ तालुका. रात्रपाळीताईंच्या पहिल्या पानावरून. इन्सुलिनच्या सिरिंजचं झाकण लाल असेल तर ती ४० युनिटवाली, नारिंगी असेल तर १०० वाली. मिलीला ४० ची बाटली आणि लाल झाकण हीच जोडी. कार्ट्रिज पेनमध्येच. उलटं झालं, म्हणजे ४० ची बाटली आणि नारिंगी सिरिंज, तर डोस अडीचपट कमी जातो आणि पेशंटची साखर का उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवत बसतात. मी दोन्ही प्रकारच्या सिरिंज एका खणात ठेवणं बंद केलंय.

दिसायला सारखे अँप्यूल हा दुसरा वैताग. रक्तस्राव थांबवायचं ट्रानेक्सामिक ॲसिड आणि पाठीत भूल द्यायचं बुपिव्हाकेन, दोन्ही काचेचे, दोन्हीत पाण्यासारखं औषध. पहिलं चुकून पाठीच्या कण्यात गेल्याच्या घटनांवरून जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये इशारा काढला होता. सिझेरियनच्या ट्रेमध्ये दोन्ही एकत्र मांडू नका, एवढंच ओटी सिस्टरांना सांगणं. आणि पोटॅशियम क्लोराईडचे १५ टक्क्यांचे अँप्यूल वॉर्डच्या ट्रॉलीत का असतात हो अजून? त्या १० मिलीत २० मिलिइक्विव्हॅलंट असतं, पातळ न करता शिरेत ढकललं तर हृदय बंद. ते वेगळ्या कुलपात हवं.

औषधाचा दुष्परिणाम दिसला तर नर्सही कळवू शकतात, फक्त डॉक्टरांचा मक्ता नाही. औषध दक्षता कार्यक्रमाचा टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४.

फणसगरा | १६:२०

ह्यो धागो वाचल्यापासून माका आजारी पडूचीच भीती वाटूक लागली हा.

नवी_टोपी | १८:४४

मी जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एक खरं विचारू? सीनिअर सिस्टर चुकतायत असं दिसलं तर नेमकं काय बोलायचं? शब्द सांगा. पुस्तकात "असर्टिव्ह व्हा" असं आहे. मी एकदा झाले होते. नंतर महिनाभर मला फक्त बेडपॅन मिळाले.

घाटवळण | १९:१०

सरळ सांगायचं. "सिस्टर, डोस चुकतोय." यात लाजायचं काय?

रात्रपाळी | १९:३५

डॉक्टर, तुम्ही डॉक्टर आहात म्हणून "सरळ" तुम्हाला परवडतं.

नवी_टोपी, मी वापरलेली वाक्यं देते. पहिलं: "मॅडम, मला एकदा परत दाखवता का, मला नीट दिसलं नाही." दहातल्या सात वेळा समोरची स्वतःच बघते आणि थांबते, तिची लाजही राहते. नाही थांबली तर: "मॅडम, मला ह्याची काळजी वाटतेय, एकदा केस पेपर बघू." तरीही नाही, तर "थांबा." एकच शब्द, मोठ्यानं, पेशंटसमोर, मग बेडपॅन मिळाले तरी चालतील. "थांबा" हा शब्द आमच्या वॉर्डात आता ठरलेला आहे. कुणीही म्हटला तर हातातलं काम सोडायचं, आधी थांबायचं, वाद नंतर.

आणि फोनवरच्या ऑर्डरी. आमचे कन्सल्टंट दुपारी दुसऱ्या गावच्या दवाखान्यात, खाडीच्या वळणावर नेटवर्क तुटतं. "फिफ्टीन" आणि "फिफ्टी" एकसारखंच ऐकू येतं. मी लिहून घेते आणि परत वाचून दाखवते: "सर, एक-पाच, पंधरा मिलिग्रॅम, बरोबर?" सुरुवातीला ओरडायचे, "बहिरी आहेस का?" म्हणायचे. आता स्वतःच "एक-पाच" म्हणतात.

खाडीपलीकडे | २०:१५

घाटवळण सर, रात्रपाळीताई बरोबर आहेत. अमेरिकेत डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी मोठ्या शिरेतल्या नळीच्या जंतुसंसर्गासाठी पाचच मुद्द्यांची यादी केली, हात धुणं वगैरे, सगळ्यांना माहीत असलेलीच. पण त्यातली खरी गोम वेगळी होती. डॉक्टरानं एखादी पायरी गाळली तर नर्सनं त्याला थांबवायचं आणि व्यवस्थापन नर्सच्या मागे उभं राहणार, असं आधी ठरवून दिलं. मिशिगनमधल्या आयसीयूंचा निकाल २००६ मध्ये छापून आला, संसर्ग प्रचंड घटले. आपल्याकडे यादी उचलली, भिंतीला लावली. मागे उभं राहणं तेवढं राहून गेलं.

आणि मोठ्या रुग्णालयांचं फार कौतुक नको. आमच्याकडे घटना नोंदवायला संगणकावर छान फॉर्म आहे. पण ज्या वॉर्डाचे फॉर्म जास्त, त्या वॉर्डाच्या इन्चार्जला मीटिंगमध्ये उभं करतात. मग काय, सगळ्या वॉर्डांत रामराज्य.

तिसरा_साक्षीदार | २१:०३

वकील आहे, रत्नागिरी. दोन सिस्टर घाबरल्यात त्यांच्यासाठी. गोड बोलणार नाही.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. कलम १०६(१): निष्काळजीपणानं मृत्यू, पाच वर्षांपर्यंत कैद. त्यात सवलत अशी की नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीकडून उपचार करताना घडलं तर दोन वर्षांपर्यंत. पण हा व्यवसायी म्हणजे कोण, तर ज्याच्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखालची पात्रता आहे आणि ज्याचं नाव वैद्यकीय नोंदवहीत आहे तो. परिचारिकेचं नाव नर्सिंग कौन्सिलकडे असतं. म्हणजे शब्दशः वाचलं तर त्याच खाटेपाशी, त्याच चुकीला डॉक्टरला दोन आणि नर्सला पाच. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये सगळ्यांना दोनच होती. तेव्हा भीती अनाठायी नाही.

अमेरिकेत टेनेसी राज्यात २०१७ मध्ये एका परिचारिकेनं कपाटातून गुंगीच्या औषधाऐवजी स्नायू लुळे करणारं व्हेक्युरोनियम काढलं, रुग्ण दगावला. तिनं स्वतः चूक कबूल केली. २०२२ मध्ये कोर्टानं तिला दोषी धरलं, तीन वर्षांची प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेख) दिली. तेव्हा तिथल्या नर्स रस्त्यावर आल्या होत्या, की आता कोण कबूल करणार?

सल्ला असा. ज्यात कुणाला काही झालं नाही त्यांची वही चालू ठेवा, नावं नकोत, पेशंटचीही नकोत. मात्र ज्यात इजा झाली ते केस पेपरवरच, वेळेसकट, जसं घडलं तसं, त्याच पाळीत लिहायचं आणि नातेवाइकांना सांगायचं. वही हा त्याला पर्याय नाही. आणि नंतर केस पेपरमध्ये काहीही "सुधारायचं" नाही. मी पाहिलेल्या प्रकरणांत मूळ चुकीपेक्षा खाडाखोडीनं माणसं जास्त अडकली.

आंबोलीकर | २१:४०

वकीलसाहेब, हेच. आम्हाला कुणी येऊन नुसतं सांगितलं असतं की बेल लांब होती, आमचं चुकलं, तर मी कोर्टाचं नावही काढलं नसतं. त्या एका ओळीचा राग आहे मला.

सुरंगी | २१:५८

+१

काजूबोंड | २२:०५

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला.)

खाडीपलीकडे | २२:२०

पट्टीवरून आठवलं. २२ जुलै २०२१ च्या पुरात माझी मैत्रीण चिपळुणात ड्यूटीवर होती. तळमजल्यावरून पेशंट वर नेले, केस पेपर भिजून लगदा. पट्ट्यांवर ज्यांची नावं बॉलपेननं लिहिलेली होती ती टिकली, स्केचपेनवाली वाहून गेली. छापील पट्ट्या मिळेपर्यंत निदान पेन तरी बघून घ्या.

रात्रपाळी | ०९:१५ (१८ सप्टेंबर)

सगळ्यांचे आभार. थोडक्यात वृत्तांत.

काल रांगोळी झाली. पहिला नंबर लॅबवाल्यांना, स्टेथोस्कोपचं हृदय. बॅनरवर "रुग्ण सुरक्षा" मधला "क्षा" तुटून खाली आला होता, फोटो काढायच्या आत मामांनी चिकटवला.

छापील पट्ट्यांचं कोटेशन मागवलंय म्हणतात. तोवर बॉलपेन. पोटॅशियम कुलपात गेलं, काजूबोंड. फिजिशियन सरांशी बोलले, दुसरी लॅसिक्स आता चारला, तक्त्यावरचा शिक्का मी स्वतः खोडून नवा करून घेतला. वही बघायला परवा एक डॉक्टर आले, उभ्याउभ्या चार पानं वाचली, काही बोलले नाहीत. पण भिशीबद्दलही बोलले नाहीत.

दोन्ही सावंत आजी सुखरूप घरी गेल्या. ९ नंबरच्या बहिणीनं गणपतीत खव्याचे मोदक पाठवले, डब्यावर चिठ्ठी, "सुमनकडून". कुठल्या सुमनकडून ते मी विचारून घेतलं.

आणि बारावी नोंद आली. मावशीनं मुलीकडून लिहून घेतली आहे, शाळेतल्या गोल गोल अक्षरात. काय होणार होतं: "कोणीतरी पडणार होतं." कशानं थांबलं: "अजून पडलं नाही." काय बदलायचं: "पुरुष वॉर्डाच्या बाथरूमचा बल्ब. तीन दिवस गेलाय."

आंबोलीकर | ०९:४८

बदलला का?

रात्रपाळी | १०:०२

काल संध्याकाळीच. बेलच्या वायरी लांब करायला इलेक्ट्रिशियन सोमवारी येतो म्हणालाय. आला नाही तर इथे लिहीन.